वीबेचा आडोसा

माझा भाऊ वीबे रुंद होता. त्याच्याबद्दल गावाला एवढंच सांगता आलं असतं, आणि गावाला तेवढं पुरत होतं.

आमची जमीन समुद्र हटवून केलेली, ताटासारखी सपाट. वारा असा की शिवी दिली तर ती आपल्याच तोंडात परत येते. अशा वाऱ्यात सायकल दामटायची तर कुणाच्या तरी मागे, त्याच्या आडोशाला राहावं लागतं. रविवारच्या सायकल मंडळातले सगळे बाप्ये वर्षानुवर्षं वीबेच्या मागे राहिले. आळीपाळीने पुढे यायचा नियम होता, पण वीबेची पाळी कधी संपत नसे. त्याला बायको नव्हती, चार माणसांत बोलताना जीभ अडखळायची. वाऱ्यापुढे मात्र तो कधी अडखळला नाही. समुद्राच्या बांधावरच्या माझ्या कॉफीच्या दुकानात ते थांबायचे, तेव्हा मंडळाचा म्होरक्या हार्मेन त्याच्या पाठीवर थाप मारून ओरडायचा, "हिल्के, आमची भिंत आली! केक काढ!" भिंत लाजून लाल व्हायची.

मग बटाट्याची पेटी उचलताना त्याच्या मणक्यातली गादी सरकली. सगळा हिवाळा तो माझ्या मागच्या खोलीत जमिनीवर पडून होता. मंडळातलं एक कुत्रं फिरकलं नाही. एक कार्ड तेवढं आलं: 'लवकर बरा हो. वारा फार आहे.'

"बघ, सगळ्यांनी सही केलीय," वीबे म्हणाला.

"सही करायला काय जातंय!" मी म्हटलं. त्याने कार्ड उशाशी उभं करून ठेवलं.

डॉक्टरने वाकून चालवायची सायकल कायमची बंद केली. चालवायचीच असेल तर रेलून चालवायची घे, म्हणाला. पाय पुढे, पाठ खुर्चीला. मी वीबेला गाडीत मागे पोत्यासारखा आडवा घातला आणि शेजारच्या गावी सीब्रेनच्या दुकानात नेला. सीब्रेनची स्वतःची कंबर गेलेली. असल्याच सायकली बनवण्यात त्याचं म्हातारपण चाललं होतं. त्याने वीबेला विचारलं, कळ कुठून निघते, कुठवर जाते, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात का. मग एक बुटकी, जाळीच्या सीटची सायकल पुढे केली. वीबे तिच्यावर रेलला, अंगणात एक फेरी मारून आला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "हिल्के, इथे काहीच दुखत नाहीये." त्याचा तसा चेहरा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मला रडूच आलं.

"झालं तर मग," सीब्रेन म्हणाला.

"थांबा. हिल्के, तू दुकानातली एखादी साधी सायकल घे आणि माझ्या मागे ये."

बांधावर, वाऱ्याच्या तोंडावर, मी त्याच्या मागे निघाले. तो माझ्या गुडघ्याएवढा खाली, मग आडोसा कसला!

"वारा लागतोय का?" त्याने ओरडून विचारलं.

"थोबाड फुटतंय माझं!"

त्याने ब्रेक दाबला. "मग ही नको."

"अरे, दुखणारी पाठ तुझी आहे की मागच्यांची?" दुकानात परतल्यावर सीब्रेन चिडला. वीबेने ऐकलंच नाही. कोपऱ्यातल्या उंच सायकलीकडे तो बघत होता. मोठी चाकं, आणि सीटची पाठ हवी तेवढी सरळ करता येणारी. सीब्रेनने बजावलं, "यावर ताठ बसलास तर रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट त्या मणक्यात जाईल." बांधावर वीबेने मला पुन्हा मागे लावलं. सीट एक खाच वर. "आता?" आणखी एक खाच. "आता?" आडोसा वाढत गेला आणि त्याचा चेहरा पांढरा पडत गेला.

"मूर्खा, आडवा हो!" मी किंचाळले.

त्याने तीच घेतली.

रविवारी मी खिडकीतून पाहिलं. समोरून सोसाट्याचा वारा. पुढे वीबे, ताठ, ओठ आवळलेले. मागे बदकाच्या पिलांसारखी ओळीने मुंडकी. दाराशी आल्यावर बाकीचे टुणकन उतरून आत शिरले. वीबेला उठता येईना. मी काखेत हात घालून त्याला ओढत आणला आणि टेबलांच्या मधे फरशीवर निजवला.

साखर घ्यायला हार्मेन त्याला ओलांडून गेला. "वाईट नाही रे," तो म्हणाला. "सीट अजून बोटभर वर येते का बघ. कानाला वारा लागतो."

"येईल," फरशीवरून वीबे म्हणाला.

परतीला वारा मागून होता. भिंतीची गरज कुणालाच नव्हती. कॉफी संपवून ते उठले. मी दारात आडवी उभी राहिले.

"आणि याचं काय?"

"तू बहीण आहेस ना?" हार्मेन हातमोजे चढवत म्हणाला. त्याला माझ्या रागाचं खरोखरच नवल वाटलं होतं. मग माझ्या खांद्यावरून आत डोकावून म्हणाला, "वीबे, पुढच्या रविवारीही वारा असाच आहे म्हणे. ये हं!"

गेले. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. माझ्या हातातला कप त्यांच्या मागे भिरकावायचा राहिला, कारण वीबेने खालून माझ्या एप्रनचं टोक धरलं होतं. वेदनेनं त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं, आणि तो हसत होता.

"ऐकलंस, हिल्के?" तो म्हणाला. "मला बोलावलंय त्यांनी."