बीकरचं झाकण मी उघडलं

एका सोमवारी सकाळी शोभा वारली. त्याला आता चार महिने झाले.

आता सांगते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, तिला तर नाहीच. तुम्ही तिला ओळखत नव्हता, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल.

बीडच्या एका कॉलेजात आम्ही दोघी एकाच टेबलावर संशोधन करत होतो. युरिया आणि एक सेंद्रिय आम्ल बीकरभर पाण्यात विरघळवायचं, दोऱ्याला बांधलेला बारीक कण त्यात सोडायचा, भोकं पाडलेलं झाकण लावायचं — आणि थांबायचं. पाणी हळूहळू उडतं, कणाभोवती स्फटिक वाढतो. हलवायचं नाही, उघडायचं नाही. प्रयोगशाळेतले शिपाईमामा हसायचे, "म्याडम, पाटोद्याला युरिया पोत्यानं मिळतो. तुमी चिमूटभर कावून जपताव?"

"मामा, तुमच्या पोत्यातून उजेड जातो का?" शोभा विचारायची.

अशा स्फटिकात लेसरचा न दिसणारा किरण सोडला, तर त्यातला काही हिरवा होऊन बाहेर येतो. शोभाला स्फटिकाच्या पातळ कापावर उजेडासाठी वाट कोरायची होती, आपण सांगू त्या वळणाने नेणारी. त्यासाठी मोठा, निर्मळ स्फटिक हवा. माझे गढूळ निघत. तिचा तीन महिन्यांत बोराएवढा झाला होता, आरपार दिसणारा.

मला हेवा वाटत होता का? हो. पण त्या दुपारी मी हेव्याने उठले की नुसतं बघायला — एवढ्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

शोभा आष्टीकडे गावी गेली होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. त्यांचा ट्रक निघायच्या दिवशी ती दरवर्षी जाई. भाकरी बांधून देई, आईला ट्रकमध्ये बसवून देई. एका दिवसाचं काम. जाताना मला म्हणाली, "लक्ष ठेव गं."

मी झाकण काढलं. दोरा उचलून स्फटिक खिडकीकडे धरला. किती वेळ, आठवत नाही. परत सोडताना तो काचेला लागला. मी घाईने झाकण लावलं — तिरकं बसलं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तळाशी साखरेसारखा चुरा साचला होता आणि स्फटिकावर पांढरी खपली धरली होती. तिने ते तिरकं झाकण सरळ केलं. मग म्हणाली, "माझ्याच हातून सैल राहिलं, पाणी भराभर उडालं. गावाकडं जायची लई घाई केली मी."

तेव्हा बोलता आलं असतं — नाही का? मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे. होतं असं."

माझ्या चुकीबद्दल मी तिला माफ केलं. आणि तिने ते घेतलं. "तू हाईस म्हणून," म्हणाली.

तिने पुन्हा सुरुवात केली. पण तसा स्फटिक परत आला नाही. लहान तुकड्यांवरच तिचा प्रबंध झाला; उजेडाची ती वाट कोरायची राहिली. पुढची दोन वर्षं ट्रक निघाले तेव्हा ती गावी गेली नाही. बीकरपाशी बसून राहिली. फोनवर आई विचारायची, "कावून येईनास गं?" कॉलेजात काम आहे, एवढंच ती सांगायची. फोन ठेवल्यावर मला म्हणायची, "एकदा गेले, तेवढं पुरे." मी मान डोलवायचे. तिसऱ्या वर्षी आईचं ऊसतोडीला जाणंच थांबलं.

दहाव्याला मी तिच्या आईशेजारी बसले होते. म्हातारी कुणाकडे न बघता म्हणाली, "शिकली ना माझी लेक. मंग आमच्या टरकापाशी यायची लाज वाटली असंल. वाटू दे. लेकरूच हाय."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

आई आता गावात एकटी असते. लेक आपल्याला लाजली, हेच ती धरून आहे. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.