दाजींच्या हॉलमधला समुद्र

आमचे दाजी म्हणजे संगप्पा. माझ्या थोरल्या बहिणीचे, शिवकांता अक्काचे मालक. आमच्या मुखेडकडं जावयाचा मान लई मोठा. पहिलं ताट त्यांना, पहिला शब्द त्यांचा अन् शेवटचाही त्यांचाच. बायकोच्या भावानं दाजींना उलटून बोललेलं आमच्या खानदानात कुणी ऐकलेलं न्हाई. त्यामुळं इतकी वर्षं मी नुसतं "हाव दाजी, बरोबर हाय दाजी" करत आलो. पण आज मन मोकळं करून सांगतो, असला पोकळ माणूस मी दुसरा बघितला न्हाई.

खोटं कशाला बोलू, सुरुवात चांगली होती. गावाकडून नांदेडला आले, टाइल्सच्या दुकानात नोकरीला लागले, डोक्यावर फरश्या वाहिल्या. पुढं मालक थकला तेव्हा त्याचंच दुकान चालवायला घेतलं. इथपर्यंत माझा रामराम. पण दुकान चालायला लागलं अन् माणूस बिघडला. कष्ट करणारा संगप्पा कुठं गेला कुणास ठाऊक, मागं उरला नुसता बडेजाव.

त्या बडेजावालाही स्वतःची अक्कल न्हाई. आमचे दुसरे दाजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे मालक, मन्मथप्पा. लातूरला त्यांचं खत-बियाण्याचं दुकान. हे दोघं साडू. साडवानं काही घेतलं की आमच्या दाजींना त्याच्याहून मोठं पाहिजे. मन्मथप्पानं गाडी घेतली, ह्यांनी त्याच्याहून लांब घेतली. आता ती गाडी ह्यांच्या गल्लीत वळत न्हाई. मोठ्या रस्त्यावर लावतात अन् उन्हातान्हात रुमाल डोक्यावर टाकून घरी चालत येतात. पण गाडी लांब हाय!

मन्मथप्पानं हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची माशांची टाकी बसवली तेव्हा दाजी फोनवर खदाखदा हसले. "ज्या गावाला रेल्वेनं पाणी पाजावं लागलं, त्या गावात समुद्र?" असं म्हणाले. अन् त्याच महिन्यात देगलूर नाक्याच्या मासेवाल्या कलीमला बोलावून स्वतःच्या हॉलमध्ये टाकी बसवून घेतली. साधे मासे न्हाईत, जिवंत प्रवाळ, फुलासारखा फुलणारा समुद्रफूल नावाचा जीव, झिंगे, सगळं समुद्रातलं. नांदेडपासून समुद्र किती लांब, विचारायची सोय न्हाई. पाणी हिरवं दिसून राहिलं म्हणून पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी घेऊन टाकीजवळ उभे होते. अक्कानं वेळेवर हात धरला.

महिन्याभरात शौक संपला. मग ती टाकी कुणी सांभाळली? त्यांच्या पोरीनं, शिवांगीनं. बारावीचं वर्ष असून सकाळी उठली की आधी टाकीपाशी. खास मीठ शुद्ध पाण्यात कालवायचं, खारटपणा मोजायचा, काच पुसायची. उन्हाळ्यात वीज गेली की पुठ्ठ्यानं पाण्याला वारा घालत बसायची. माझं मुखेडला पाण्याच्या जळालेल्या मोटारी तार गुंडाळून भरायचं दुकान हाय, म्हणून टाकीचे पंप इन्व्हर्टरवर मी जोडून दिले. बोटाएवढे प्रवाळाचे तुकडे तिच्या हातात ओंजळीएवढे झाले. समुद्रफुलात केशरी माशांची जोडी लोळायची. दाजींना त्यातलं एवढंच कळायचं की मंगळासाठी बोटात घालतात ते पोवळं ह्याच जातीचं. पाहुण्यांना अंगठी दाखवायचे अन् म्हणायचे, "हे मेलेलं, ते जिवंत. आपल्याकडं दोन्ही हाय."

दाजींना पोरगी डॉक्टर करायची होती. तिला मार्क पडले कमी. पण उदगीरच्या मत्स्यविज्ञानाच्या कॉलेजला तिचा नंबर लागला, अन् तिला तेच पाहिजे होतं. मला म्हणाली, "मामा, मला दुसरं कायच नको. एवढं एक तुम्ही पप्पांना सांगा." मी सांगितलं. दाजी म्हणाले, "मासे धरायला भोई हायत की, आपली पोरगी कशाला?" त्यांचा हुकूम एकच. लातूरला जायचं, मन्मथप्पाकडं राहायचं अन् वर्षभर पुन्हा मेडिकलचा क्लास.

तेवढ्यात मन्मथप्पानं टाकी वाढवली. झालं! दाजींची झोप उडाली. भिंतभर टाकी बनवून घ्यायचं ठरलं. जुन्या टाकीतलं सगळं नव्या टाकीत हलवायचं. कलीम म्हणाला, "शेठ, लई नाजूक काम हाय, निम्मं मरतंय." हे ऐकून दाजींनी, लातूरचे सगळे जेवायला बसलेले असताना, मिशीवर हात फिरवला.

"पोरगी लई मासेवाली हाय ना? हलवू दे तिलाच. आठ दिवस सगळं जिवंत राहिलं तर जाऊ दे उदगीरला. मेलं तर मुकाट लातूर. संगप्पाचा शब्द हाय."

स्वतःच्या पोरीचं वर्ष पैजेवर लावणारा बाप! अन् जेवून हात धुऊन मोकळे. अक्का वाढता वाढता थांबली, अन् पुन्हा वाढायला लागली. अक्का कधीच बोलत न्हाई. तिनं नवऱ्याचं नाव आजवर घेतलं ते फक्त उखाण्यात. दवाखान्यात नर्सनं "मालकाचं नाव?" विचारलं तर पदर तोंडाला लावून शिवांगीकडं बघते. आमच्या आईनं तसंच शिकवलं होतं.

शिवांगीनं शब्द पकडला. नव्या टाकीत नवी वाळू टाकून नवं खारं पाणी आधीच करून ठेवलं, पंप चालवून फिरत ठेवलं. हलवायच्या दिवशी मी मुखेडहून सकाळच्या गाडीनं आलो. तिनं जुनं पाणी स्वच्छ पिंपांत काढून घेतलं. दगड त्या पाण्याच्या टबात, प्रवाळ वेगळ्या बादल्यांत, मासे शेवटी. एकाला हवा लागू दिली न्हाई. दाजी सोफ्यावर बसून मोबाइलवर शूटिंग करून राहिले होते, अन् वर हुकूम. "ती जुनी वाळूपण टाक की, भरगच्च दिसंल."

"जुन्या वाळूत घाण बसलेली असते पप्पा. ढवळली की विष होतं," शिवांगी म्हणाली.

"बघा, आत्ताच प्राध्यापक झाली."

संध्याकाळपर्यंत सगळं नव्या टाकीत. समुद्रफुलानं नवा दगड धरला, केशरी जोडी लगेच त्यात शिरली. दुसऱ्या दिवशी प्रवाळ उघडले. पोरगी इतकी खूश की मला गच्च मिठी मारली. मलाही वाटलं, चला, सुटली.

पण दाजींना उद्घाटन पाहिजे होतं. गल्लीतले लोक बोलावले, दारात रांगोळी, टाकीला झेंडूची माळ. म्हणे, जलपूजन करायचं. विष्णुपुरीहून तांब्याच्या कलशात गोदावरीचं पाणी आणलेलं. शिवांगी आडवीच आली.

"पप्पा, हे पाणी न्हाई ओतायचं. अन् तांबं तर टाकीच्या जवळही नको. तांबं ह्यांना जहर हाय. मासा तग धरतो, पण प्रवाळ, झिंगे, गोगलगाई, ज्याला ज्याला कणा न्हाई, ते सगळं मरतं."

"अगं, तांब्याचं पाणी पिऊन आमचा आजा शंभरीला टेकला!"

"तुमचा आजा समुद्रात राहत होता का?"

लोक हसले. दाजींचं तोंड उतरलं. मग मोठ्या उदारपणानं म्हणाले, "बरं बाई, तुझंच खरं." टाकीच्या खालच्या लाकडाला हळदीकुंकू लावलं, नारळ बाहेर फोडला, पेढे वाटले. फोटो निघाले. मी निर्धास्त मुखेडला गेलो.

तीन-चार दिवसांनी शिवांगीचा फोन. रडत होती. गोगलगाई काचेवरून गळून पडल्या होत्या. झिंगे उलटे. प्रवाळ मिटले ते मिटलेच, त्यांची कातडी सुटायला लागली. समुद्रफूल आंब्याच्या बाठीएवढं झालं. तिनं खारटपणा तपासला, गरमी तपासली, पाणी बदललं. सगळं जिथल्या तिथं. घरात प्रत्येकाला विचारलं, टाकीत कुणी काही टाकलं का? दाजी म्हणाले, "कोण टाकणार? आम्हाला काय कामं न्हाईत?"

रविवारी आठ दिवस भरले. मन्मथप्पा अन् माझी धाकटी बहीण लातूरहून निकाल बघायला हजर. मीही गेलो. भिंतभर काचेत नुसते पांढरे सांगाडे, अन् त्यातून ती केशरी जोडी घर शोधत हिंडत होती. बघवेना. दाजी मात्र पाय पसरून बसलेले.

"हरली," ते म्हणाले. "मन्मथप्पा, उद्या जाताना घेऊन जा हिला. क्लासमध्ये नाव घाला."

शिवांगीनं बाही वर सारून टाकीत हात घातला अन् मेलेलं एकेक बाहेर काढायला लागली. समुद्रफुलाच्या दगडाखाली वाळूत तिची बोटं थांबली. हात बाहेर आला तेव्हा त्यात हिरवंगार पडलेलं एक नाणं होतं.

कोपऱ्यात बसलेल्या गौरम्मा, दाजींची आई, सगळे त्यांना अव्वा म्हणतात, त्या काठी टेकत पुढं आल्या. नाणं घेऊन पदरानं पुसलं, डोळ्याजवळ नेलं.

"संगप्पा, हे तर माझ्या सासूचं. निजामाच्या वेळचा तांब्याचा पैसा. आपल्या देवघरात होता, तो हितं कसा आला रे?"

आता कसा येणार? आमच्याकडं नदीच्या पुलावरून जाताना माणसं पैसा टाकतात, गोदामाय पोटात घेते. दाजींनी तीच अक्कल हॉलमधल्या टाकीला लावली. पोरीनं चार लोकांत अडवलं म्हणून पेढे वाटायच्या गडबडीत गुपचूप बुडवला. पोरीपेक्षा बाप मोठा, एवढं स्वतःलाच दाखवायला. अन् तिला रडताना बघून तोंडातून अवाक्षर काढलं न्हाई! कणा नसलेलं सगळं मेलं त्या टाकीत, एक आमचे दाजी तेवढे ठणठणीत.

मन्मथप्पा फिसकन हसले. त्या हसण्यानं दाजी पेटले.

"हो, टाकला मी! लक्ष्मी असते ती. चांगल्यासाठीच टाकला. पण टाकी सांभाळायचं काम कुणाचं होतं? मेलं ते तिच्या हातात मेलं. शब्द म्हणजे शब्द. उद्या लातूर."

"दाजी, असं कसं..." मी आयुष्यात पहिल्यांदा दाजींना उलटून बोललो. त्यांनी नुसता हात वर केला. मी टाकीकडं बघायला लागलो.

तेवढ्यात अक्का चहाचा ट्रे घेऊन आली. पहिला कप नेहमी दाजींना. तिनं ट्रे टीपॉयवर ठेवला, पहिला कप उचलला अन् शिवांगीच्या ओल्या हातात दिला. मग पदर खोचला अन् सरळ नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं.

"संगप्पा," ती म्हणाली.

उखाणा नव्हता, काही नव्हतं. नुसतं नाव. देवाशपथ सांगतो, अंगावर काटा आला. अव्वांच्या हातातली काठी खाली पडली. दाजी असे बघायला लागले की जणू ते नाव त्यांनी आज पहिल्यांदाच ऐकलं.

"पोरगी उदगीरला जाईल. सकाळच्या एसटीनं मी नेऊन सोडते. तू ती टाकी धुऊन ठेव."

मन्मथप्पा पुन्हा हसायला लागले होते, पण मधेच थांबले. माझी धाकटी बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती अन् एकटक त्यांच्याकडंच बघून राहिली होती.

अन् दाजी? उठायला आत काही असावं लागतं. अव्वांनी हातावर ठेवलेला तो हिरवा पैसा मुठीत धरून बसले, चहा न पिताच.

सकाळी मीच दोघींना स्टँडवर नेलं. शिवांगीच्या मांडीवर झाकणाच्या बादलीत ती केशरी जोडी होती. आधी लातूरला मावशीच्या टाकीत सोडायची, अन् तिथून उदगीर, असं अक्कानं ठरवलेलं. गाडी हलली तेव्हा अक्का खिडकीतून म्हणाली, "अमरेश, घरी फोन करून बघ रे जरा."

दुपारी मुखेडहून फोन लावला. अव्वांनी उचलला. "दाजी कुठं हायत?" मी विचारलं.

"हाय की घरातच," अव्वा म्हणाल्या. "टाकी धुऊन राहिलाय."