बोगद्याच्या तोंडाशी फोडलेला नारळ

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या जूचंद्र गावात शेंबडं पोरही सांगेल. वालीवच्या कारखान्यात मी प्रेस मशीनवर आहे. एकदा मशीनचा साचा, म्हणजे डाय, अडकली म्हणून मी पाना भिरकावला, तर तो खिडकीची काच फोडून बाहेर गेला. पलीकडे कुणी उभं नव्हतं. सगळे हसले, मीही हसलो.

चार वर्षांपूर्वी हिवाळ्यात कारखान्यातल्या आम्ही आठ जणांनी बायकापोरांसकट सहल काढली. घाटात एक खोल दरी आहे. इंग्रजांच्या काळात तिथून रेल्वे जायची. आता रूळ उखडलेत, दरीत बाग केली आहे आणि जुन्या बोगद्यांतून लोक पायी फिरतात. बाबांना न्यायचं माझ्या मनात नव्हतं, पण माझी दहा वर्षांची मुलगी आजोबांशिवाय हलेना.

बाबांचा जन्म मिठागरात गेला. खाडीला बांध घालायचा असो, विहीर खणायची असो, आमच्याकडे आधी त्या जागेच्या राखणदाराला मान देतात. धूप, एक नारळ आणि हात जोडून दोन शब्द, बस्स. भावकीत कुणाचंही काम निघालं की मान द्यायला बाबांनाच बोलावणं यायचं, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

पहिल्या बोगद्याच्या तोंडाशी त्यांनी पिशवीतून धुपाटणं काढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते बोगद्यावरच्या कड्यापासून लांब, झाडाखाली बसले आणि नारळाच्या शेंड्या पेटवून त्यावर धूप टाकला. वारा दरीकडे होता, धूर तिकडेच गेला. कारखान्यातल्या माझ्या एका जोडीदारानं मोबाइलवर ते टिपलं. "बाबा, ट्रेन बुला रहे हो क्या?" म्हणाला, आणि सगळे खिदळत आत गेले. माझी बायको आणि मुलगीही त्यांच्याबरोबर गेल्या.

मी बाबांवर ओरडलो. माझी लाज काढायला आलात का, म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "येवरा डोंगर फोरला, किती मानसं मेली आसतील. त्यांना इचारल्याबिगर आत जाऊ नये."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांच्या हातातला नारळ हिसकावला आणि जीव खाऊन कड्यावर फेकला. "घ्या तुमचा मान." नारळ फुटला तो आग्या मोहोळाच्या हातभर खाली. मोहोळं आहेत, आवाज करू नका, अशी पाटी तिथं होती आणि ती मी वाचली होती. बाबांना वाचता येत नाही.

कारखान्यातला कॉम्प्रेसर सुरू होतो तसा आवाज आला. मोहोळाचा काळा पापुद्रा सुटला आणि अंगावर आला. पहिली माशी माझ्या ओठाला डसली, दुसरी कानात शिरली. मी पळालो. बाप मागे आहे हे ठाऊक असून बोगद्याच्या अंधारात पळालो. आजोबांना बोलवायला मुलगी बाहेर येत होती. ती माझ्या बाजूनं गेली आणि मला ती दिसलीही नाही.

आत बायकोनं विचारलं, पोरगी कुठाय? तेव्हा मी परत फिरलो.

बागेचे रखवालदार ओली घोंगडी घेऊन धावत आले होते. बाबा पालथे पडले होते आणि मुलगी त्यांच्या छातीखाली होती. त्यांचं डोकं, मान, कान काहीच दिसत नव्हतं, नुसत्या माशा वळवळत होत्या. मी उघड्या हातांनी त्या चिरडल्या. त्या चिरडताना बाबांच्याच मानेवर माझे तडाखे बसत होते आणि मला थांबता येत नव्हतं. मुलीला चार काटे लागले. बाबांच्या अंगातले काटे मोजायचंच डॉक्टरांनी सोडून दिलं. त्यांचा डावा डोळा गेला तो गेलाच.

वसईच्या दवाखान्यात ते शुद्धीवर आले तोवर झाडाखालच्या धुराचा व्हिडिओ घरोघर पोचला होता. बाबांचे थोरले भाऊ, माझे काका, काठी टेकत आले. धूर कुणी केला, त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "मीनीच केला दादा. माशा त्यानीच उठल्या." काकांनी त्या सुजलेल्या तोंडावर फाडकन चपराक मारली. नातीला मारलं असतंस मेल्या, म्हणाले. डोळ्यावरची पट्टी सरकली आणि रक्त उशीवर आलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. मी नर्सला बोलवायला गेलो.

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर घरातलाच. त्यानंतर बाबांना कुणी मान द्यायला बोलावलं नाही. पुतण्याच्या बोअरवेलच्या वेळी शेजारच्या आळीतला म्हातारा आणला. बाबा ओट्यावर बसून मशीनचा आवाज ऐकत राहिले. मला माझंच थोबाड फोडावंसं वाटायचं. बायकोलाही मी खरं सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी चुलतभावाच्या हळदीला सगळी भावकी जमली होती. जेवणाआधी मी मांडवात उभा राहिलो आणि बोललो. नारळ मी फेकला, धुराचा संबंध नाही, पळालोही मीच, सगळं. वाटलं, आता काका काठी घालतील, आणि घालावी असंच वाटत होतं.

काका उठले, जवळ आले आणि मला मिठी मारून रडायला लागले. "आयका रं," ते म्हणाले, "बापाचा गुन्हा सोताच्या अंगावर घेतंय. पोर आसावा त आसा."

खोटं नाही, मी ओरडलो. शिवी दिली, खुर्ची उचलून आपटली. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. व्हिडिओ तर सगळ्यांनी पाहिलाच होता. शेवटी मी बाबांकडे वळलो. सांगा ना यांना, म्हटलं.

बाबांनी चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्याचं नका आयकू. त्याची माज्यावर माया हाय."

काकांनी मला हाताला धरून पहिल्या पंगतीत आपल्या शेजारी बसवलं. बाबा दुसऱ्या पंगतीला जेवले.