आजीच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. आणि प्रार्थनेत? तिथे तर मुळीच नाही — तिथे मी दुसऱ्यांच्या आजारपणांची लांबलचक यादी देवाला वाचून दाखवते आणि आमेन म्हणून उठते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलायचा धीर होतोय. सरळ मुद्द्यावर मात्र यायला जमणार नाही, जरा वळसे घेत येईन. चालेल ना?

मी नगरची. कुवेतला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला आले, त्याला वीस वर्षं होऊन गेली. रिग्गईत दोन खोल्यांचा फ्लॅट, दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढायचं, आणि आठवडाभर शुक्रवारची वाट बघायची. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारीच. सलवा भागात ओहोळकाकांच्या घरी आमची मराठी ख्रिस्ती मंडळी जमायची. सोफे भिंतीला सरकवून सतरंज्या अंथरायच्या. कुणीतरी नगरहून विमानाने आणलेली पेटी होती, तिचे दोन सूर कायमचे रुसलेले. गाणी सगळी आईवडलांकडून पाठ झालेली. उपासना संपत आली की स्वयंपाकघरातून काकूंच्या मटणाचा वास यायचा आणि शेवटची प्रार्थना ज्याच्या वाट्याला असेल तो आपोआप आटोपती घ्यायचा. मग जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी दुकानातून, आणलेली खुबूस रोटी रश्श्यात बुडवून खायची आणि भाकरीची आठवण काढायची. काय दिवस होते ते! आता ती माणसं पांगली. कुणी कॅनडाला, कुणी पुण्याला, काकू तर देवाघरी. मला अजूनही शुक्रवारी सकाळी त्या मटणाचा वास आल्यासारखा वाटतो.

काकांच्या हॉलमध्ये उत्तर थायलंडचा एक नकाशा होता. तिथल्या डोंगरात आखा नावाचे लोक राहतात. त्यांची तीन गावं आमच्या मंडळीने प्रार्थनेसाठी घेतली होती. तिथल्या एखाद्या घराने बाप्तिस्मा घेतला की काका नकाशावर लाल टाचणी टोचायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. ज्या गावांची नावं आम्हाला धड उच्चारता येत नव्हती त्यांच्यासाठी आम्ही बायका बुधवारी उपास करत होतो. हसू येतं ना? मला नाही येत. तो उपास खरा होता. आमच्यात खोटं असं तोवर काही नव्हतं.

मग एका वर्षी आम्ही आठ जण दहा दिवसांची रजा काढून तिकडे गेलो. डोंगर, धुकं, लाल माती. वाळवंटात राहून डोळे कोरडे पडलेले, ते हिरवं बघून मला रडूच आलं. तिथे आम्हाला योहान भेटला. तो स्वतः आखा, त्या तीन गावांचा सुवार्तिक म्हणजे धर्मप्रचारक, वय तिशीचं. रबरी चपला घालून एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायचा. बायबल शाळेत शिकलेलं त्याचं इंग्रजी हळू आणि स्वच्छ होतं. आम्ही चढावर धापा टाकायला लागलो की तो थांबून म्हणायचा, "सिस्टर, तुमच्या कुवेतमध्ये चढ ठेवलेलेच नाहीत का?" दहा दिवसांत तो मला धाकट्या भावासारखा वाटायला लागला. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे लागेल.

आखांच्या घरात बायकांची बाजू वेगळी असते, आणि त्या बाजूला पितरांची जागा असते. आम्ही गेलो त्या घरात ती जागा म्हणजे बांबूचं एक नळकांडं होतं, धुराने काळं पडलेलं. नव्या भाताच्या तीन लोंब्या त्यात ठेवायच्या, सणावाराला पितरांना जेवण द्यायचं. बाप्तिस्मा घ्यायचा तर ते आधी उतरवावं लागतं. आणि ते एकट्यादुकट्याचं नसतं, अख्ख्या घराचं असतं. म्हणून घर आलं तर सगळं येतं, नाहीतर कुणीच येत नाही. त्या घरातला मुलगा, सून, चार नातवंडं — सगळी तयार होती. अडून बसली होती ती म्हातारी आजी. तीन वर्षं योहान तिच्या पायऱ्या झिजवत होता.

आमचा शेवटचा दिवस होता. आठ जण इतक्या लांब जाऊन रिकाम्या हाताने परतणार होतो — हे मला आतून कुरतडत होतं. ओहोळकाका नकाशासमोर उभे आहेत आणि आम्ही खाली मान घालून बसलोय, असं चित्र सारखं दिसत होतं. बाकीचे सात जण बाहेर अंगणात होते, मी आजीजवळ चुलीपाशी बसले. माझं इंग्रजी योहान आखा भाषेत सांगायचा, तिचं मला इंग्रजीत. तिने माझा हात हातात घेतला, बोटं चाचपली, आणि एकच प्रश्न विचारला.

"माझा नवरा तुमच्या देवाचं नाव न ऐकताच गेला. मी तिकडे गेले तर तो मला भेटेल का? ते नळकांडं उतरवलं तर त्याला जेवायला कोण घालणार?"

आता सांगा, काय उत्तर द्यायचं? येशूचं नाव न ऐकता गेला तो स्वर्गात भेटणार नाही, हेच आमच्या मंडळीत शिकवतात, ते मला ठाऊक होतं. योहानला तर माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तीन वर्षं तो याच प्रश्नापाशी येऊन थांबत होता, कारण त्याला तिच्याशी खोटं बोलवत नव्हतं. 'ते मला माहीत नाही, आजी' — एवढं म्हणण्याइतका तरी प्रामाणिकपणा माझ्यात असायला हवा होता.

मी म्हटलं, "हो, भेटेल. तो तिथेच तुझी वाट बघतोय. त्याला आता भूक लागत नाही."

योहानने ते भाषांतर केलं नाही. तो माझ्याकडे वळला. "सिस्टर, हे असंच सांगू?" मी म्हटलं, सांग. त्याने पुन्हा विचारलं, "नक्की?" मी जरा चिडूनच म्हटलं, "सांग ना."

त्याने सांगितलं.

तिची दया आली म्हणून बोलले, अशी मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःची समजूत घालत आले. खोटं आहे ते. मला घर हवं होतं. टाचणी हवी होती.

आजीने माझा हात सोडला. मग उठली, आणि ते नळकांडं तिने स्वतःच्या हाताने उतरवलं. कुणाला हात लावू दिला नाही. अंगणात ते जाळलं तेव्हा ती रडली नाही, उलट माझ्याकडे बघून हसली. तिच्या तोंडात दोनच दात होते. दुपारी ओढ्यावर सात जणांचा बाप्तिस्मा झाला.

त्या वर्षी आमच्या मंडळीची सहल खैरानला होती. समुद्राकाठी शॅले, म्हणजे सुट्टीपुरतं घर, भाड्याने घेतलेलं, बाहेर कोळशावर कोंबडी भाजत होती, पोरं पाण्यात. काका म्हणाले, "सुनीता, साक्ष दे. देवाने तिकडे काय केलं ते सांग." मी दिली. चूल, धूर, नळकांडं, ते हसू — सगळं सांगितलं. प्रश्न आणि उत्तर तेवढं गाळलं. लोकांनी डोळे पुसले. माझी लेक तेव्हा शाळेत होती. गळ्यात पडून म्हणाली, "मम्मा, यू वेअर सो ब्रेव्ह." पुढे किती शुक्रवार मी ती साक्ष दिली त्याचा हिशेब नाही. दर वेळी मी जरा जास्त चांगली सांगायचे.

दहा महिन्यांनी तिकडच्या मुख्य पाळकांचं पत्र काकांना आलं. नवरा भेटणार नाही, असं आजीला कुणीतरी सांगितलं होतं. तिने देवळात येणं बंद केलं होतं. जिथे नळकांडं असायचं त्या कोपऱ्यात ती रोज मूठभर भात ठेवत होती आणि म्हणत होती की कुवेतच्या बाईला बोलवा, तिने मला शब्द दिलाय, तिने येऊन पुन्हा सांगावं. पाळकांनी विचारलं होतं — असा शब्द खरंच कुणी दिला का, की योहानने घर मिळवण्यासाठी आपल्या मनाने सांगितलं?

काकांनी पत्र सगळ्यांसमोर वाचलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "बाळा, तू असं काही म्हणालीस का?"

हॉलमध्ये वीसेक माणसं होती. माझी लेक होती. स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत काकू उभ्या होत्या. त्या सगळ्यांचं माझ्यावर इतकं प्रेम होतं! त्यांच्यातल्या एकानेही मला दोष दिला नसता, हे मला आज कळतं. तेव्हाही कळत असेल.

मी म्हटलं, "नाही काका. मला त्यांची भाषा कुठे येते? योहानने काय सांगितलं कुणास ठाऊक."

काकांनी तसं कळवलं. योहानकडून तिन्ही गावं काढून घेतली. तो खाली शहराजवळच्या संत्र्याच्या बागेत कामाला लागला. आजी पुढच्या पावसाळ्यात गेली, शेवटपर्यंत भात ठेवत. तिला पुन्हा सांगायला मी गेले नाही. तिला निरोपही धाडला नाही.

वर्षभराने योहानचा फोनवर मेसेज आला. मला वाटलं, आता हा मला धरणार. लॅबमध्ये हातमोजे काढून, भिंतीला टेकून मी तो वाचला. त्याने लिहिलं होतं — 'सिस्टर, मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं असं मला आठवतं. पण तुम्ही खोटं बोलणार नाही. तेव्हा माझीच आठवण चुकीची असणार. हाव मलाच सुटली असेल आणि मी ते तुमच्या नावावर मनात रचलं असेल. माझ्यामुळे तुमच्या नावाला डाग लागला. मला क्षमा करा.'

मी तो मेसेज दोन वेळा वाचला. बाहेर पेशंट थांबले होते.

मग मी त्याला उत्तर लिहिलं की, योहान, मी तुला क्षमा केली आहे.