व्याह्यांसाठी वाईन

लेकीचा फोन आला तेव्हा मी हरभऱ्याची भाजी निवडत बसले होते. तिचे सासू-सासरे लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याकडे अकोल्याला मुक्कामाला येणार होते. त्यांना काय चालतं, काय सोसत नाही, चहात साखर किती, सगळं मी विचारून घेतलं. ती सांगत गेली आणि शेवटी जरा थांबून म्हणाली, "आई, अजून एक आहे. रात्री जेवताना ते दोघं थोडी वाईन घेतात. रोज नाही. कुठे गेले, चार माणसं जमली, की घेतात. तू नाही ठेवलीस तरी चालेल."

"दोघंही?"

"हो. सासूबाईसुद्धा."

त्यांची नाशिककडे द्राक्षाची बाग. बागेतला काही माल वाईनच्या कारखान्यात जातो, हे सोयरीक जुळवताना कानावर आलं होतं. पण ते लोक ती जेवताना पितात, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"तू त्यांना बाबांचं सांगितलंस का?" मी विचारलं.

"नाही. ते मी कसं सांगू? तुम्हाला वाटलं तर तुम्ही सांगा."

फोन ठेवला आणि भाजी तशीच पडून राहिली.

आमच्या घरातली बाटली सुटून सहा वर्षं होत आली होती. यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती गाडीवर बांधून आणतात, हे उघडतात, तारा भरून देतात. हातात कसब होतं आणि संध्याकाळ झाली की त्याच हातात ग्लास होता. मी शाळेतून येऊन वह्या तपासत बसायचे आणि कान रस्त्याकडे असायचे. शेवटी एकदा रक्ताची उलटी झाली, दवाखान्यात बरेच दिवस काढले, आणि तिथून आल्यावर यांनी ती सोडली. पुन्हा एकदाही घेतली नाही. लोक माझं अभिनंदन करत. मी हसत असे. पण लग्नाच्या पंगतीत हे पाच मिनिटं दिसले नाहीत की मी हातातला घास ठेवून यांना शोधायला उठायचे, अजूनही उठत होते.

रात्रीच्या जेवणाला मी भीत भीत विषय काढला. यांनी भाकरी मोडली, भाजीत बुडवली, आणि सावकाश म्हणाले, "मंग आणा लागन."

"घरात आणायची?"

"पाव्हणे हायेत. आपन त्याइच्या घरी गेलो तं तुह्यासाठी लसनाची चटनी मुद्दाम केली होती का नाई? मंग?"

"पण तुमी..."

"मी का लहान लेकरू आहो?"

मी यांना अजून भाजी वाढली. थोड्या वेळानं हेच म्हणाले, "पन कोनती आणाची, ते मले इचारू नको. मी जे पेत होतो, त्याले कोनी वाईन म्हनत नाई."

अकोल्यात घेणं शक्यच नव्हतं. अर्ध्या गावाची पोरं माझ्या हाताखालून गेली आहेत. लेकीनंच कळवलं की अमरावतीला बडनेऱ्याच्या रस्त्यावर एक मोठं दुकान निघालंय, तिथे नाशिकच्या वाईनचा नवीन माल आलाय. वर सूचना दिली, "महागडी आणू नकोस आई. त्यांना लगेच कळेल की दिखाव्याला आणली. आणि एकदम स्वस्तातली गोडमिट्टही नको. पाचशेच्या आसपास चांगली मिळते, फक्त पाहून घे."

पाहून घे म्हणे! तुरीची डाळ मी मुठीत घेऊन पाहते, साडी उजेडात धरून पाहते. बंद बाटलीत काय पाहायचं?

मी एसटीनं एकटीच जाणार होते. पण रविवारी सकाळी हे आंघोळ करून, गाडी पुसून तयार. "चाल, मी नेतो तुले." नको म्हटलं असतं तर त्याचा अर्थ एकच निघाला असता, आणि तो आम्हा दोघांनाही कळला असता. म्हणून गाडीत बसले.

मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत आम्ही हवेवर बोललो, कापसाच्या भावावर बोललो. दुकान दिसलं तेव्हा मी म्हटलं, "तुमी गाडीतच बसा."

"मंग? आत येऊन का नाचू?" हे म्हणाले आणि गाडी समोरच्या लिंबाच्या सावलीत लावली.

दुकानाला दोन तोंडं होती. एका बाजूला नेहमीसारखी जाळीची खिडकी, तिथे पुरुषांची झुंबड. दुसऱ्या बाजूला काचेचं दार, आत गारवा, आणि लाकडी फळ्यांवर आडव्या निजवलेल्या बाटल्या. बाहेर ज्याला आपण वाईन शॉप म्हणतो, त्यात वाईन असते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दारातून आत जाताना मी पदर उगाचच खांद्यावरून ओढून घेतला.

विकणारा माणूस चाळिशीचा, जाडसर, मोठा अदबीचा. "गिफ्टला पाहिजे का घरी, मॅडम?"

"घरी. पाहुणे येताहेत."

"मग हीच न्या. नवीनच आलीय." त्यानं सोनेरी अक्षरांची एक जड बाटली काढली. किंमत पाहून मी चष्मा नीट केला.

"कशी लागते?"

"एक नंबर."

"तुम्ही घेतलीय?"

तो लाजला. सदऱ्याच्या गळ्यातून तुळशीची माळ बाहेर काढून दाखवत म्हणाला, "नाही मॅडम. आपल्याला चालत नाही."

मला हसू आलं, आणि मग बरंही वाटलं. म्हणजे इथे आम्ही दोघं सारखेच अडाणी होतो.

मी एकेक बाटली हातात घेऊन मागची चिठ्ठी वाचायला लागले. मधूनमधून मान वर करून काचेबाहेर पाहत होते. लिंबाखाली गाडी, गाडीत यांचं डोकं. ठीक. पुन्हा बाटली. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, पास्त्याबरोबर घ्यावी. मी त्या माणसाला विचारलं, "पाटोडीच्या, बेसनवड्यांच्या तिखट रश्श्याबरोबर कोणती जाईल?" त्यानं गंभीरपणे सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "तसं कंपनीनं लिहिलेलं नाही."

शेवटी मी घरच्याच अकलेनं सुरुवात केली. सोनेरी अक्षरांच्या बाटलीच्याच कंपनीची एक साधी लाल बाटली खालच्या फळीवर होती. द्राक्ष तेच, साल तेच. मला फरक दिसला तो अक्षरांचा आणि बुचाचा. वरच्या बाटलीला लाकडी बूच, ते काढायचं अवजार आमच्या घरी कुठलं? खालचीला फिरकीचं झाकण. ती बाजूला काढली. एका मालावर दोनावर एक फुकट होती. मी विचारलं, "नवीन आलेल्या मालावर स्कीम कशाला?" तो म्हणाला, "वरूनच आलीय." ती ठेवून दिली. काचेजवळ मांडलेल्या बाटल्यांवर ऊन येत होतं. उन्हात तेल बिघडतं तर हे का बिघडणार नाही, म्हणून मागच्या रांगेतली काढायला लावली. आता पांढरी पाहायची होती. मी मान वर केली.

गाडीत कोणी नव्हतं.

"काढून ठेवा, आलेच," म्हणून मी बाहेर आले. आधी गेले कुठे, तर त्या जाळीच्या खिडकीकडे. पुरुषांच्या घोळक्यात शिरून एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले. कोणीतरी बाजूला सरकत म्हणालं, "काय पायजे, ताई?" तिथे हे नव्हते. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. इथे नाहीत तर मग कुठे? मोबाईल लावला, तो गाडीतच वाजला.

रस्त्यानं पुढे निघाले. चपलेचा अंगठा निसटत होता. चार-पाच दुकानं सोडून पंक्चरचं एक दुकान होतं. तिथे हवा भरायच्या मशीनपाशी हे उकिडवे बसले होते. बाह्या वर, आणि कान मोटारीला लावलेला.

"इथं काय करून राहिले तुमी?" माझा आवाज चिरकला.

यांनी मान वर केली नाही. बोट मोटारीवरच ठेवून म्हणाले, "तठी बसवलं नाई. ते खिडकी समोरच होती. मानसं येऊन राहिले, घेऊन जाऊन राहिले. मले भेव लागलं. म्हनून उठून आलो."

सहा वर्षांत 'भेव' हा शब्द मी यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मला वाटायचं, भिणारी मी एकटीच आहे.

"मंग मले सांगाचं होतं."

"काय सांगू? तू आत बाटल्या पाहून राहिली होती."

"चाला घरी. नाई पायजे वाईन."

आता यांनी माझ्याकडे पाहिलं. "काहून नाई? अर्धी पसंती झाली असन तुही. जा, घेऊन ये. मी अठीच बसतो. याची बेरिंग गेली, आवाज आयक."

मी परत गेले. माळकरी माणसानं माझी बाटली खरंच काढून ठेवली होती. मी एक पांढरी घेतली, फार न पाहता, आणि तीच लाल अजून एक. दारू बाळगायचा एका दिवसाचा परवाना दुकानातच फाडून देत होते. त्यावर नाव कोणाचं टाकायचं, त्यानं विचारलं. एवढा घाम आधी कशानंच फुटला नव्हता. "माझं टाका," मी म्हटलं.

घरी आल्यावर लपवायची जागा मी मनात धरून ठेवली होती. पण यांनीच पिशवी उचलली, पांढरी फ्रीजमध्ये ठेवली आणि लाल दोन्ही स्वयंपाकघरातल्या फळीवर, तेलाच्या डब्याशेजारी मांडल्या. पाहुणे यायला अजून दोन दिवस होते. ते दोन दिवस मी शाळेतून येऊन चपला काढायच्या आधी झाकणं पाहत होते. तशीच होती. पण माझं पाहणं थांबलं नाही.

पाहुणे आले. व्याही उंच, कमी बोलणारे. विहीणबाई गोड, मोकळ्या. रात्री ताटं वाढली, आणि हे उठून लाल बाटली घेऊन आले. सरबताचेच काचेचे ग्लास मांडले. झाकण यांनीच फिरवलं. त्याचा कट्ट आवाज झाला आणि माझ्या हातातला पोळ्यांचा डबा तसाच राहिला. यांनी दोन ग्लासांत ओतलं, बाटली त्यांच्या बाजूला सरकवली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "मी घेत नाई. आंधी लय घेत होतो. मराले टेकलो होतो, तवा सोडली. तुमी बिनघोर घ्या."

व्याह्यांनी ग्लास खाली ठेवला. "अहो मग कशाला आणलीत? राहू द्या. आम्हाला काही गरज नाही हिची."

"नाई नाई. हे तिकडे अमरावतीले जाऊन, पाहून पाहून आणली तिनं. तुमी नाई घेतली तं मले वाईट वाटन."

मग विहीणबाईंनी ग्लास उचलला, म्हणून व्याह्यांनीही उचलला. एक घोट घेऊन त्यांनी बाटली फिरवून पाहिली. "निवडली कोणी?"

"मी," मी म्हटलं. परीक्षेला बसल्यासारखं झालं होतं.

"या पैशात हिच्यापेक्षा चांगली मिळणार नाही."

पाटोडीच्या रश्श्यानं मात्र विहीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी काढलं. लाल वाईननं तोंडाची आग वाढली म्हणाल्या. मग पांढरी उघडली. ती गोड निघाली. व्याही म्हणाले, नुसती पिताना जरा जास्तच गोड आहे, पण तुमच्या तिखटाला हीच बरी. म्हणजे न पाहता घेतलेलीच कामाला आली.

"तुम्ही पण घ्या ना थोडी," विहीणबाई मला म्हणाल्या. मी यांच्याकडे पाहिलं.

"घे," हे म्हणाले. "आणली तूच. पाहा तं कशी हाय."

विहीणबाईंनी घोटभर लाल ओतून दिली. पहिल्यांदा आंबट, मग जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ सुकली. दुसरा घोट बरा वाटला. तिसऱ्याला कानाच्या पाळ्या गरम झाल्या आणि छातीत जे इतके दिवस आवळलेलं होतं, ते सैल झालं. मी ग्लास खाली ठेवून दिला. आयुष्यभर जिच्याशी भांडले, ती मला आवडली होती.

ताटं आत नेताना हे मागून आले. "कशी लागली?"

वाईट लागली, असं म्हणता आलं असतं. "चांगली लागली," मी म्हटलं.

यांनी मान हलवली. "चांगलीच लागते ते. त्याचंच तं भेव हाय." आणि उरलेला रस्सा पातेल्यात ओतू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे निघाले. न उघडलेली लाल बाटली आणि उघडलेल्यांतलं जे उरलं होतं ते, मी न विचारता त्यांच्या गाडीत ठेवलं. विहीणबाईंनी माझा हात दाबला.

घर रिकामं झालं. हे दुकानात गेले. संध्याकाळी फाटक वाजलं तशी मी दारात गेले, पिशवी घ्यायच्या निमित्तानं अगदी जवळ उभी राहिले आणि श्वास आत ओढला. जुन्या वर्षांत रोज हेच करत असे. मला वाटायचं, यांना कळत नाही.

हे वाकले, माझ्या तोंडासमोर तोंड आणलं आणि मोठ्यानं श्वास सोडला. "घे. पाहून घे नीट."

मी नीट पाहिलं. दारू नव्हती. तंबाखू-सुपारीचा खर्रा होता.

"खर्रा खाल्ला तुमी! गनपतीत सोडला म्हनले होते न?"

"एकच," हे चपला काढत म्हणाले. "दोन दिस पाव्हण्याइपायी सारखा जीव टांगनीले होता माहा."

"अन् माहा नव्हता काय?" मी म्हटलं, आणि दारातच आमचं भांडण सुरू झालं. शेजारची बाई अंगणात येऊन पाहू लागली. खूप दिवसांनी मी एवढ्या मोठ्या आवाजात भांडत होते.