न आलेली फुंकर

दादाने चहाचा कप तोंडाजवळ नेला, ओठांचा चंबू केला आणि तसाच थांबला. फुंकर आली नाही. त्याने कप खाली ठेवला आणि चहा निवायची वाट बघत बसला.

माझा हा थोरला भाऊ उभी हयात फाउंड्रीत भट्टीसमोर होता. आता नाकात नळी असते आणि कोपऱ्यात प्राणवायूचं यंत्र घरघरत असतं. सकाळीच आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. ते म्हणाले, "प्राणवायू वापरताना शरीरात थोडे जहाल कण तयार होतातच. निरोगी शरीर त्यांना आवरतं. यांच्या फुफ्फुसांतली सूज हटत नाही, म्हणून ते कण वाढतात आणि आतल्या पेशी जाळत राहतात."

"म्हणजे भट्टी अजून चालूच आहे," दादा म्हणाला.

ज्या हवेवाचून घडीभर चालत नाही, तिच्यातूनच ही आच निघावी. ऐकून रडू यायला हवं होतं. मला काहीच झालं नाही. घरी येऊन मी भांडी लावली, बिस्किटांचा पुडा फोडला.

वहिनी आली. तिने चहा बशीत ओतला आणि हळूहळू फुंकर घालू लागली.

"दम लागेल तुला," दादा म्हणाला.

"लागू दे. घ्या आता."

त्याने बशी ओठांना लावली, घोट घेतला.

"साखर विसरलीस."

वहिनी साखरेचा डबा आणायला उठली.