उजव्या बाजूचा दांडा

"शीशे को हात मत लगाव! रस्सी खिंचो, रस्सी!"

फुटपाथवर उभा राहून माझा नवरा सांगलीच्या हिंदीत ओरडत होता, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीतले चार हमाल ते ऐकून बंगालीत हसत होते. मधल्या हवेत, दोराला लटकून, लढाऊ विमानाचं छत गोल गोल फिरत होतं. छत म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचा तो काचेचा घुमट. जिन्यात तो वळेना, म्हणून बाहेरून चढवायचा. खाली निम्मा दक्षिण कोलकाता जमला होता. या शहरात दोर ओढायला माणूस हवा असेल तर पाया पडावं लागतं, पण दोर कसा ओढावा हे सांगायला लोक हातातला चहा टाकून धावत येतात. एका वयस्क गृहस्थांनी मला वहिनी करून खालून विचारलं, "बौदी, हे टाकं माशांचं आहे का?" मी म्हटलं, हो, माशांचंच. एकच मासा आहे, पण मोठा आहे, आणि बँकेत नोकरी करतो.

विमानाशी या माझ्या माशाचा संबंध काय, तर पुण्याला जाताना तो आतल्या कडेची जागा मागतो आणि विमान जमीन सोडताना शेजाऱ्याची मांडी धरतो. एकदा शेजारी एक कर्नलसाहेब होते, तेही घाबरले. तर अशा शूर माणसाने लेक बेंगळुरूला नोकरीला गेल्याबरोबर तिचा पलंग मोडला आणि त्या खोलीत एकाहत्तरच्या लढाईतल्या एका पिटुकल्या विमानाचा कॉकपिट उभारायला घेतला. तीन वर्षं. हावड्याचा एकही भंगारवाला उरला नाही ज्याने आमच्या घरचा चहा प्यायला नाही. मी इथलीच, आजोबांपासूनची, त्यामुळे घासाघीस करायला मी. एका महाभागाने मला तागाच्या गिरणीतल्या बॉयलरचं घड्याळ 'हे उंची दाखवतं' म्हणून गळ्यात मारायला काढलं. मी विचारलं, "कुणाची उंची? वाफेची?"

हे सगळं कशासाठी, तर न्यू टाउनमध्ये मुलीकडे राहणारे एक काका होते. मराठी, ऐंशीला टेकलेले, आणि हेच विमान त्यांनी तरुणपणी खरोखर चालवलेलं. नवऱ्याला ते महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटले आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. काकांनी यावं, आत बसावं आणि म्हणावं, "हो, हेच." बस. दुसरं काही नको. झोपेतसुद्धा तो कूस बदलताना "या सर, बसा सर" म्हणायचा.

घुमट आला तो दांड्याशिवाय. हे छत आतून बंद करायला एक दांडा असतो, वैमानिकाच्या खांद्याच्या उंचीला. तो भंगारात मिळेना. पुस्तकांतल्या आकृत्यांमध्ये दिसेना. शेवटी कुणीतरी इंटरनेटवरून एक जुना, पुसट फोटो पाठवला. उघडं छत, बाजूला शिडीवर उभा हसरा मेकॅनिक आणि त्याच्या कोपराशी तो दांडा. नवऱ्याने फोटो हातभर मोठा करून आणला आणि टेबलावर पसरला. त्यावर तीन डोकी वाकली. एक त्याचं आणि दोन जाणकारांची. जाणकार म्हणजे मंडळातले दोन मित्र, एक विम्यातला, एक आयकरातला. दर रविवारी यायचे, माझी साबुदाण्याची खिचडी परातीने खायचे आणि युद्ध जिंकून जायचे.

"उजव्या बाजूला आहे," विम्याने निकाल दिला.

"स्पष्टच आहे," आयकराने सही केली.

मी खिचडी वाढता वाढता फोटो बघितला. मी चाळीस वर्षं ब्लाउज शिवतेय, माणसाचं तोंड नंतर बघते, आधी शिवण बघते. मी म्हटलं, "अहो, याच्या गुंड्यांची पट्टी बायकांच्या बाजूची आहे. खिसाही उजव्या छातीवर. फोटो उलटा छापलाय. दांडा डावीकडे असणार."

नवऱ्याने डोकंही वर केलं नाही. "अगं, तुला विमानातलं काय कळतं?"

"विमानातलं नाही, शर्टातलं कळतं."

"वहिनी," विमा समजुतीच्या सुरात म्हणाला, "फौजेत तसेच शिवतात. उजवा हात सलामीला मोकळा राहायला हवा ना."

आता बोला. मी डाव उचलला आणि आत गेले. त्याच क्षणी ठरवलं की यापुढे या विषयावर माझं तोंड बंद. आणि माझं तोंड बंद राहणं म्हणजे हुगळी उलटी वाहणं. अकरा महिने वाहिली.

त्या अकरा महिन्यांत दांडा ओतून घेतला. हावड्यातल्या एका छोट्या ओतशाळेत. पहिला झाला तो आमटीच्या पळीसारखा. दुसरा इतका जड की हमालाने परत जायची भाषा केली. तिसरा मात्र जमला. कारागिराने तो माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "बौदी, कसल्या दाराची कडी आहे ही?" मी म्हटलं, "चुकीच्या दाराची." तो हसला. नवरा हसला नाही, त्याला बंगाली समजत नाही. मग चौकट उजव्या बाजूने कापली, आठ स्क्रू आवळले, वर रंग दिला. आता तो दांडा तिथून हलवायचा तर अख्खी चौकट फोडायला हवी. मी काय केलं? आसनाची गादी शिवली. एस्प्लनेडच्या बाजारात तीन दिवस वणवण करून जाड कॅनव्हास आणला, दुहेरी टाका घातला, कडेला पायपीनचा गोट. माझ्या हातचं काम उलटं होत नाही.

काका आले ते डिसेंबरातल्या एका सकाळी. नवऱ्याने टाय बांधला होता. घरात! जाणकार अंघोळी करून हजर. काका काठी टेकत तीन मजले चढले, वाटेत चार वेळा थांबले, आणि दारात मला म्हणाले, "पूर्वी यापेक्षा लवकर वर जायचो." त्या घरात तीन वर्षांत झालेला हा पहिला विनोद.

कॉकपिट अरुंद. त्यांना आत उतरवायला दोघं लागले. बसल्यावर त्यांनी काठी बाहेर दिली आणि समोरच्या तबकड्यांकडे बघत राहिले. पाठ हळूहळू ताठ झाली. खरं सांगते, अतिशयोक्ती नाही, माणूस वीस वर्षांनी लहान झाला. त्यांनी पायाने पेडल चाचपलं, उजवा हात स्टिकवर गेला. आणि मग, न बघता, जसा आपला हात आपल्याच घरात अंधारात बटणाकडे जातो तसा, त्यांचा डावा हात खांद्यापाशी वर गेला आणि मिटला.

हवेवर.

उघडला. थोडा पुढे गेला. परत मिटला.

"सर," नवरा म्हणाला, "दांडा उजवीकडे आहे."

काकांनी मान वळवून उजवीकडे बघितलं. दांड्याकडे बघितलं. मग नवऱ्याच्या टायकडे. डावा हात खाली आणून मांडीवर ठेवला, दुसऱ्याच्या घरी ठेवतात तसा.

अकरा महिने या घटकेची मी वाट बघत होते. वाक्यसुद्धा तयार होतं, धार लावून ठेवलेलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात मेकॅनिकचा खिसा, गुंड्या, पट्टी, सगळं होतं. मेल्याने तेवढ्यात चेहरा असा केला की मला वाक्य गिळावं लागलं. मी आत जाऊन कोथिंबीरवड्या तळल्या. चार करपवल्या. त्या जाणकारांना वाढल्या.

बाहेरच्या खोलीत विमा पंख्याकडे बघत होता. त्याला पंख्यातही काही विमानविद्या दिसत असेल. आयकर वडीचा करपलेला भाग बशीच्या कडेला जमा करत होता. काका आता सोफ्यावर चहा पीत होते. नवरा समोर उभा, टायची गाठ सैल. तोंड शिवून ठेवायच्या वचनाला मी पुरेपूर जागले होते. आता कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि या घरातले पुरुष ते विचारणार नाहीत हे मला कळून चुकलं.

"काका," मी म्हटलं, "कसं वाटलं?"

काकांनी कप बशीत ठेवला.

"गादी छान शिवलीये," ते म्हणाले.